लाल चिंधी

छोटे शेठने माझ्या ओढणीला लाल चिंधी बांधली. सगळ्यांसमोर, चहाच्या वेळेला.

"ये भी रिजेक्ट पीस है," तो म्हणाला. "पागलपन की गोली खाती है."

अख्खं वर्कशॉप हसलं. मास्टर हसला. मीही हसले. चिंधीची लाज मला कधीच वाटली नाही. माझ्या त्या हसण्याची आजही वाटते.

उल्हासनगर कॅम्प दोनमधलं जीन्सचं वर्कशॉप. मी तिथे चेकर. शिवलेली पँट टेबलावर आली की चेन ओढून बघायची, शिलाई बघायची, लेबलवरचा साईझ कमरेशी जुळवायचा. खराब पीसला लाल चिंधी बांधायची. चिंधीचा पीस पॅकिंगला जात नाही, हा नियम. त्या दिवशी पर्समधून रुमाल काढताना माझ्या गोळ्यांची पट्टी खाली पडली. छोटे शेठने उचलली, मोबाईलवर नाव शोधलं. मालकाचा मुलगा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. सगळे मला ताई म्हणतात, हा अगंतुगं करतो.

लक्ष नसणं ही माझी जुनी ओळख. बेलवलीच्या शाळेत बाईंनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "धांदरट, उभी राहा." आई शेतावरून यायची तोवर मी चुलीवरचा भात करपवलेला असायचा. "पोरी, तुझं ध्यान असतं तरी कुठं?" मला तरी कुठे माहीत होतं! वर्कशॉपमध्ये माल परत आला की छोटे शेठ माझ्यावर ओरडायचा. मी मान खाली घालायचे. माझंच चुकलं असेल. जन्मभर माझंच चुकत आलं होतं.

छत्तिसाव्या वर्षी अंबरनाथच्या एका डॉक्टरबाईंनी तासभर माझं ऐकून घेतलं. शाळेच्या वह्यांपासून सगळं विचारलं. म्हणाल्या, "हा आळस नाही. याला एडीएचडी म्हणतात. मोठ्या माणसांनाही असतो. औषध आहे." मी तिथेच रडले. ते रडू रागाचं होतं. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं.

औषध काही सुखाचं नव्हतं. तोंड कोरडं पडायचं, छाती धडधडायची, डबा तसाच घरी परत जायचा. डॉक्टरबाईंनी डोस कमी केला, तेव्हा कुठे जमलं. संध्याकाळी असर उतरला की मी पुन्हा तीच, गॅसवर दूध विसरणारी. पण दिवसा डोक्यात एकाच वेळी घरघरणारी सहा मशिनं थांबायची आणि एकच चालू राहायचं. केमिस्ट चिठ्ठी उलटसुलट बघून मोठ्याने विचारायचा, "कुणासाठी?" मी सांगायचे, "भावासाठी." मला भाऊ नाही.

आणि मग मला दिसायला लागलं. दात निसटलेल्या चेनचे पीस मी चिंधी बांधून बाजूला ठेवायचे. जेवून आले की ते पॅकिंगच्या थप्पीत असायचे, चिंधी गायब. आधी वाटलं, मीच बांधायला विसरले. म्हणून चिंधी बांधली की खिशाच्या आत खडूने फुली मारायला लागले. फुलीचे पीस थप्पीत निघाले. आजवर परत आलेल्या मालात माझ्या चुका किती आणि चिंधी सोडणाऱ्याच्या किती, हे मला आता कधीच कळणार नाही. याचा मला फार राग आहे.

त्या दिवशी हसणं ओसरल्यावर छोटे शेठ जवळ आला. हळूच म्हणाला, "ये गोली बंद कर. पहलेवाली अच्छी थी तू."

पहलेवाली. जिला दिसत नव्हतं ती. आरोप व्हायच्या आधीच माफी मागणारी. तिला मी ओळखत होते, आणि ती त्याला का आवडते हेही त्या क्षणी कळलं.

मी ओढणीची चिंधी सोडली. पॅकिंगच्या थप्पीतली वरची पँट ओढली, खिसा उलटा केला. फुली. दुसरी पँट. फुली. तिसरी.

"ही फुली माझी," मी म्हणाले. "चिंधी कोणी सोडली?"

मशिनं थांबली होती. मास्टर जमिनीकडे बघत होता.

"कल से मत आ," छोटे शेठ म्हणाला.

"नाही येणार. पण हे पीस मी पास केले असं कुणाला सांगायचं नाही. आणि माझी पट्टी द्या."

त्याने दिली. मी त्याचीच चिंधी त्या पहिल्या पँटला घट्ट बांधली आणि निघाले.

गोळ्या संपल्या तेव्हा केमिस्टने विचारलं, "भावासाठीच ना?"

"नाही. माझ्यासाठी." मागे चार माणसं उभी होती. ऐकू दे.

आता दोन गल्ल्या सोडून दुसरीकडे चेकर आहे. पहिल्याच दिवशी पट्टी टेबलावर ठेवली, खडूच्या शेजारी. नव्या शेठला सांगितलं, "मी ही गोळी घेते. चालत नसेल तर आत्ताच सांगा. आणि मी बांधलेली चिंधी माझ्याशिवाय कुणी सोडायची नाही."