पाठमोरा

बेसा गावच्या महादेवराव काळमेघांचा मुलगा निशिकांत परदेशात ऑपेरा चालवतो, म्हणजे ऑर्केस्ट्रासमोर उभा राहून हात हलवतो. व्हिएन्नात, सिडनीत लोक त्याच्यासाठी उठून टाळ्या पिटतात. बेसात विचारतात, "मग वाजवते कोण?"

त्याच्या आईची, जयवंताबाईंची, तक्रार वेगळी होती. मोबाइलवर पोराचा कार्यक्रम लावला की दिसायची ती त्याची पाठ. "एवढ्या लोकाईकडे पाठ करून काहून उभा राहते हा? एकदा तोंड दाखवा ना मले याचं!" फोनवर निशिकांत म्हणायचा, "थांब ना आई, हा सीझन संपला की येतोच." सीझन संपायचा, दुसरा लागायचा. जयवंताबाईंचा आजार मात्र सुट्टी घेत नव्हता.

शेवटी त्याला आठवलं, की पडद्यामागच्या गायकांना इशारे दिसावेत म्हणून एक कॅमेरा त्याच्या तोंडासमोर असतो. ते चित्रीकरण त्याने वडिलांच्या मोबाइलवर पाठवलं, खाली लिहिलं, "आईला दाखवा", आणि दिवसभराच्या तालमीसाठी फोन बंद केला. त्याच दुपारी जयवंताबाई गेल्या. महादेवराव फोन लावत राहिले, लागला नाही. अग्नी पुतण्याने दिला.

घाटावरून परतल्यावर महादेवरावांनी ते चित्रीकरण एकट्यानेच पाहिलं. निशिकांत घामाघूम, थेट त्यांच्याकडे बघत होता आणि डावा तळवा उचलून पडद्यामागच्या कोणाला तरी सांगत होता: थांब, अजून थांब.

"थांबली होती गा तुही माय," महादेवराव त्या तोंडाला म्हणाले. मोबाइलमधला तो हात काही खाली येईना.