अक्कांनी शिकवलेली भांडणं

सुंदराअक्का गेल्या त्याला आज सहा आठवडे झाले. परवा त्यांच्या मुलाचा, श्रीधरचा, अमेरिकेहून फोन आला. "रविवारी येतोय. घर रिकामं करायचंय. किल्ली तुमच्याकडेच आहे ना? आणि... तुमच्याशी थोडं बोलायचंय." एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. त्याला काय बोलायचंय ते मला ठाऊक आहे. मला तोंडी धड काही सांगता येत नाही, म्हणून आधी वहीत लिहून बघते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहायची सवय मी मोडू दिलेली नाही.

आम्ही सोलापूरकडचे. मालक रेल्वेत, बदली होऊन चौदा वर्षांपूर्वी चेन्नईजवळ तांबरमला आलो. समोरच्या घरात अक्का एकट्या राहायच्या. त्या तंजावरच्या मराठी. पहिल्या दिवशी त्यांचं बोलणं ऐकून मला वाटलं, पोथीतलं कुणीतरी बोलतंय, आणि तेही तमिळ चालीवर. मैलापूरला एका वकिलाकडे त्यांनी तीस वर्षं टायपिस्टचं काम केलं होतं. "दुसऱ्यांची भांडणं टाइप करून मी घर चालवलं," असं हसून सांगायच्या.

एका उन्हाळ्यात पाण्याची लॉरी आली होती. मागून एक बाई रांगेत पुढे घुसली आणि मी माझी घागर मुकाट्याने मागे घेतली. अक्कांनी ते गॅलरीतून पाहिलं. मी वर आल्यावर म्हणाल्या, "तुला भांडता येत नाही, मंगल. मग भांडणाची नावं तरी शीक." मला वाटलं थट्टा करताहेत. इकडे घरोघरी रोज एक पान फाडायचं जाडजूड कॅलेंडर असतं, राहुकाळ छापलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी त्याचं पान फाडलं, पाठीवर इंग्रजीत एक शब्द लिहिला आणि खाली मराठी अक्षरांत उच्चार. मग रोज एक. अर्थ मात्र त्या लिहीत नसत, दाखवत. 'क्वारल' म्हणजे लॉरीपुढचं. 'कॉम्पीट' म्हणजे इकडच्या मार्गळी महिन्यात, डिसेंबरच्या थंडीत, खालच्या मजल्यावरच्या दोघी जावा एकमेकींची रांगोळी चोरून बघतात आणि आपली हातभर मोठी काढतात, ते. 'डिस्प्यूट' म्हणजे दोन भावांमधली एक भिंत, जिच्यावर त्यांचा वकील बारा वर्षं जेवला. 'स्ट्रगल'साठी त्यांनी मला आमच्याच न्हाणीघरापाशी नेलं. "हे दार फुगतं आणि तू खांदा लावून रेटतीस ना, ते. समोर कोणी शत्रू नाही, तरी दम लागतो." मी विचारलं, "आणि फाइट?" "ते सिनेमात." शब्द पाठ झाला की चिठ्ठी त्यांच्या दारामागच्या तारेच्या आकड्यात खोचायची, वकिलाच्या कचेरीत कागद खोचतात तशी.

एक शब्द मला कधी नीट कळला नाही. 'अपोज'. मी म्हटलं, म्हणजे भांडणच ना? "नाही ग. ओरडायचं नाही, ढकलायचं नाही. समोर उभं राहायचं आणि हलायचं नाही. तुला जमेल ते, तुला आवाजच नाही." दोघी हसलो. मी चिठ्ठी खोचली आणि विसरून गेले.

गेल्या वर्षी अक्कांचा आजार निघाला. औषधं झाली, केस गेले, पुन्हा औषधं झाली. श्रीधर रोज फोनवर म्हणायचा, "अम्मा, यू आर अ फायटर." फोन ठेवून अक्का म्हणायच्या, "माझ्या पोराने मला न विचारता फौजेत घातलं. पोदुम, मंगल. पुरे." एका दुपारी त्यांनी मला सही केलेला कागद दिला. मशीन लावू नये, मोठ्या दवाखान्यात हलवू नये, असं त्यात होतं. "वेळ आली की डॉक्टरला दे." मी विचारलं, "श्रीधरला सांगितलंत?" "त्याला सांगितलं की तो रडतो. तो रडला की मी हो म्हणते."

वेळ आली. जवळच्याच दवाखान्यात अक्कांना ठेवलं होतं, तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. आमच्याकडे मोठ्या माणसाने विचारल्याशिवाय आपण बोलायचं नाही, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी सकाळपासून भिंतीला टेकून उभी होते, कागद पर्समध्ये. डॉक्टर तीनदा समोरून गेले. प्रत्येक वेळी मी पदर सारखा केला... त्यांनी विचारलं नाही. दुपारी नर्स म्हणाली, मुलाने फोनवर सगळं करा म्हणून सांगितलंय, गाडी आलीय, मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली आणि अक्कांना उचलून त्यावर ठेवलं. अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी जाऊन दारात उभी राहिले. "कोंजम तळ्ळुंगम्मा," त्यातला एक म्हणाला, जरा सरका. मला सरकताही येईना, बोलताही येईना. ते डॉक्टरांना घेऊन आले. तेव्हा कुठे डॉक्टरांनी विचारलं, "एन्नम्मा?", काय झालं बाई. मी कागद पुढे केला.

त्यांनी तो दोनदा वाचला. अक्कांपाशी जाऊन विचारलं. अक्कांनी मान हलवली. मग बाहेर जाऊन ते श्रीधरशी फोनवर बराच वेळ बोलले. आत आले, आणि स्ट्रेचर रिकामं परत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी मला हाताने खूण केली, चहा पिऊन ये. मी पिऊन आले. दुपारी त्या गेल्या.

श्रीधर त्यानंतर दोन दिवसांनी पोचला. दिवसकार्य होईपर्यंत तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही, आणि तसाच अमेरिकेला परत गेला. मशीन लावलं असतं तर कदाचित त्याला आई जिवंत भेटली असती... तो हेच विचारणार. कागद अक्कांचा होता, पण दारात मी उभी होते. झोपताना वाटतं, अक्कांनी हे त्याच्याशी स्वतः बोलायला हवं होतं. तीस वर्षं लोकांची भांडणं टाइप केली, आणि पोराशी एक करायचं ते माझ्यावर टाकून गेल्या. मग असं वाटल्याचीच लाज वाटते.

रोज सकाळी मी कुलूप काढून जाते, देवापाशी दिवा लावते, कॅलेंडरचं पान फाडते. पाठ कोरीच असते, तरी आकड्यात खोचते. काल सगळ्या चिठ्ठ्या उतरवून 'अपोज'ची शोधून काढली. शाई फिकी झालीय. ती पुन्हा सगळ्यात वर खोचून ठेवली. श्रीधर काय म्हणेल ते म्हणो, स्वयंपाकघरात जाऊन मी लपणार नाही. आज शनिवार, आजचं पान फाडून झालं. उद्याचं मी फाडणार नाही. ते त्याच्यासाठी ठेवलंय.