मानपत्रात नसलेला झाडू

हवालदाराच्या मानपत्रात नऊ ओळी आहेत. मी मोजल्या. त्यात शौर्य तीनदा आलंय, कर्तव्य दोनदा, आणि झाडू एकदाही नाही. म्हणून हे लिहायला बसलो. मी चावीवाला. लिहिणं हा माझा धंदा नाही, पण ज्यांचा आहे त्यांनी काय दिवे लावले ते त्या नऊ ओळींत दिसतंच.

चार रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर माझी पत्र्याची टपरी आहे. समोर दहा पावलांवर सिग्नलचा खांब, आणि खांबापाशी हवालदार. अकरा वर्षं. पहिल्या वर्षी तो मला दोनदा तिथून उठवायला आला. दुसऱ्या वेळी नेमकी त्याच्याच घराची किल्ली कुलपात मोडली होती, म्हणून मी वाचलो आणि आमची ओळख झाली. हळूहळू अहो-जाहोचं अरे-तुरे झालं. ट्रकवाले त्याला खालमुंडी म्हणायचे, कारण हा गडी सतत रस्त्याकडे बघायचा. गाड्यांना हात दाखवतानाही अर्धी नजर खाली.

आणि रोज सकाळी ड्यूटी सुरू व्हायच्या आधी तो चौक झाडायचा. अख्खा नाही, फक्त वळणाचा भाग, जिथे ट्रकमधून खडी सांडते आणि दुचाक्या घसरतात. गणवेशात, पट्टा आवळून, लांब दांड्याचा झाडू घेऊन. काच सापडली तर हाताने उचलून रुमालात बांधायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "बढती मिळाली वाटतं!" तो हसला नाही. नंतर कळलं, ऐकूच आलं नव्हतं. डावा कान त्याचा फौजेतच गेला होता, आणि माझी टपरी त्याच्या डाव्या हाताला.

पोलिसात येण्याआधी सतरा वर्षं तो फौजेत होता, जमिनीत पुरलेले सुरुंग काढणाऱ्या तुकडीत. त्याबद्दल तो एकदाच बोलला. चहाचा पेला हातात धरून म्हणाला, "मी तपासलं, साफ आहे म्हणून सांगितलं, आणि माझा दोस्त पुढे गेला." एवढंच. तेवढ्यात एक टेम्पो उलट बाजूने घुसला, तसा तो पेला ठेवून उठला.

बायको लवकर गेलेली. घरी तो आणि मुलगी. मुलगी पलीकडच्या शाळेत शिकवते, आणि तिथेच सगळी गोची झाली. शाळेतली पोरं याच चौकातून जायची. एकाने फळ्यावर झाडूचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, 'बाईंचे बाबा'. त्या संध्याकाळी बापलेकीत चांगलंच वाजलं. तोवर झाडू त्याच्या सायकलला बांधलेला असायचा. दुसऱ्या दिवशी तो झाडू घेऊन माझ्याकडे आला.

"हा तुझ्या टपरीमागे राहू दे. मी सोडलं म्हणून सांगितलंय तिला."

"आणि सोडणार का?"

"सहाला येऊन उरकून टाकत जाईन. तेव्हा पोरं नसतात." मग झाडू माझ्या हातात देत म्हणाला, "घरी सांगू नकोस."

म्हणजे बाप पोरीशी खोटं बोलणार आणि मी, साठीला टेकलेला माणूस, त्याचा लपवलेला झाडू सांभाळणार! मी त्याला बरंच ऐकवलं. झाडू मात्र ठेवून घेतला. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मीही सहाला टपरी उघडू लागलो. सहाला किल्ली करून घ्यायला कोण येतं? पण माझ्या घरीही बोलायला भिंतीच होत्या. तो झाडायचा, मी टपरीत बसून त्याच्या चुका काढायचो, मग दोघं चहा प्यायचो. माझा दिवसभरातला तेवढाच काय तो घरोबा.

असे आठ महिने गेले. एका मंगळवारी वळणावर कुणाच्या तरी गाडीची पुढची काच फुटून पडली होती. हवालदार वाकून तुकडे वेचत होता. मागून एक व्हॅन भरधाव आली. मी ओरडलो. जीव खाऊन ओरडलो. पण ओरडलो ते त्याच्या डाव्या बाजूने. व्हॅन थांबली नाही. मी पोचलो तेव्हा काचांचा रुमाल त्याच्या मुठीतच होता.

पोलीस ठाण्याच्या साहेबांनी माझा जबाब घेतला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "झाडूचं कशाला लिहायचं? फौजेतून आलेला माणूस, अंगावर गणवेश. शोभतं का ते? भरधाव वाहन अडवताना, असं लिहू. त्याच्या मुलीलाही बरं वाटेल." मग टपरीकडे बघत विचारलं, "परवाना आहे का रे हिला?" नव्हता. मी मूग गिळले आणि सही केली. त्याची मला लाज वाटते.

महिन्याभराने चौकातच त्याच्या सन्मानाचा कार्यक्रम झाला. लाकडी मंच, फुलं, बिगूल, बंदुकांची सलामी. मंचावरचा फोटो त्याच्या फौजेतल्या तरुणपणाचा होता, मान ताठ, नजर समोर. मला तो ओळखूच येईना. पुढच्या रांगेत कुटुंबीयांसाठी चार खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. एकीवर मुलगी बसली. उरलेल्या तीन शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. साहेबांनी नऊ ओळी वाचल्या, तिने चौकट हातात घेतली, टाळ्या झाल्या, गाड्या निघून गेल्या.

मग मंच मोडायला माणसं आली. फळ्या उपटल्या, ट्रकमध्ये फेकल्या आणि गेली. वळणावर खिळेच खिळे. हवालदाराच्या वळणावर! मी शिव्या घालत वाकलो आणि वेचू लागलो.

"चावीवाले काका तुम्हीच ना?"

मुलगी मागे उभी होती. काखेत मानपत्राची चौकट. ती खिळ्यांकडे बघत होती.

"बाबांनी या मंचवाल्यांना सोडलं नसतं," ती म्हणाली. "काका, एक विचारू? त्यांच्या झाडण्यावरून मी त्यांना खूप बोलले होते. ते म्हणाले, सोडलं. खरंच सोडलं होतं का हो?"

तिकडे हवालदाराला दिलेला शब्द, इकडे साहेबांच्या कागदावरची सही. आणि काय सांगितलं तर या पोरीला कमी लागेल, तेही कळेना.

"नाही," मी म्हटलं. "एक दिवससुद्धा नाही. रोज सहाला येऊन झाडायचा. त्या सकाळीही तो काचाच वेचत होता. कुणाला अडवतबिडवत नव्हता. जबाबावर सही माझी आहे, पण तो जबाब खोटा आहे, पोरी."

टपरीमागून झाडू आणून मी तिच्या हातात दिला. दांड्याला धरायच्या जागी त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. ती त्या पट्टीवरून बोट फिरवत राहिली.

"म्हणजे माझं ऐकलंच नाही त्यांनी," ती म्हणाली. हसली, आणि हसता हसता रडायला लागली. "मला वाटत होतं, शेवटी शेवटी ते माझ्यामुळे मन मारून जगले."

मग चौकट माझ्या टपरीला टेकवून ठेवली आणि त्या चांगल्या कपड्यांत ती वळण झाडू लागली. झाडता येत नव्हतं. सगळी धूळ स्वतःच्याच पायांवर. मी रस्त्यात उभा राहिलो, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, हात वर करून. आठ महिन्यांत हे मी एकदाही केलं नव्हतं. टपरीत बसून चुका काढत होतो.

खिळे तिने रुमालात बांधले. झाडू मला परत दिला.

"इथेच राहू दे. सहाला येत जाईन."

"तो म्हणाला होता, घरी सांगू नकोस," मी म्हटलं. "मी शब्द मोडला."

तिने चौकट उचलली, पदराने तिच्यावरची धूळ पुसली.

"घरी आता सांगायला आहे कोण, काका?"