काचेतली गोतमी

लेखकाच्या घराचं संग्रहालय झालं की लोक चपला काढून देवळात शिरावं तसे आत जातात. केसरबाई मावशीला मी तिथं घेऊन गेलो तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

मोशीला इंद्रायणीच्या काठी उद्धवरावांचं घर. मावशीनं जन्मभर त्यांचा गोठा काढला, अंगण झाडलं, पण उंबऱ्याच्या आत कधी गेली नाही. तिची एकुलती एक गोतमी नऊ वर्षांची असताना याच नदीत वाहून गेली. मागे उरला एक फोटो, भोसरीच्या जत्रेत पुठ्ठ्याच्या मोटारीत बसून काढलेला. "दोन दिवस दे, लिहायचंय," म्हणून उद्धवरावांनी तो नेला. कादंबरी आली, गाजली. फोटो मागितला की "सापडत नाही गं," एवढंच. पुढे ते वारले आणि मावशीनं आशा सोडली.

एक्याऐंशी साली घर लोकांना खुलं झालं. आमच्या वर्कशॉपातला ज्योतीराम पाहून आला आणि म्हणाला, "भावा, मोटारीत बसलेली एक पोरगी हाय तिथं. तुमची गोतमी तर न्हवं?"

गोतमीच होती. काचेच्या कपाटात, खाली चिठ्ठी: 'कादंबरीची नायिका, रेवा.' मी वाचून दाखवलं.

"रेवा कोण?" मावशीनं विचारलं.

संग्रहालय सांभाळणाऱ्या प्रभावतीबाईंकडे मी फोटो मागितला. बाई गोड बोलल्या. "अहो, ही आता ट्रस्टची ठेव आहे. आणि तुमचीच मुलगी कशावरून?" पोटच्या पोरीचा पुरावा मागतात! मी आवाज चढवला, तसा मावशीनं माझा दंड धरला.

"गप रं. भांडलास तर दारातच अडवतील. मग कुठं बघू तिला?"

तेव्हापासून दर रविवारी ती तिकीट काढून आत जाऊ लागली. एकदा कॉलेजची सहल आली होती. प्रभावतीबाई मुलांना म्हणाल्या, "या आजी उद्धवरावांच्या निस्सीम वाचक. एक रविवार चुकवत नाहीत." मुलांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी तिचा फोटोही काढला. सहीच्या जागी अंगठा उठवणारी माझी मावशी!

पुढे तो फोटो कपाटाशेजारी भिंतीवर लागला. खाली 'एक रसिक वाचक'. मी तेही वाचून दाखवलं. मला वाटलं, आता तरी रडेल, शिव्या देईल. ती पदरानं काच पुसत राहिली.

"असू दे," म्हणाली. "तिच्याजवळ हाय न्हवं मी."