अकराव्या भागातला घाव

कोकमाच्या आगळाला, म्हणजे मीठ घालून ठेवलेल्या घट्ट लाल रसाला, उन्हात एक निराळाच वास सुटतो. आधी आंबट, मग खारट, आणि अगदी तळाशी कसला तरी जुना, दमट गोडवा. तापलेल्या दगडांवर, चाळीस पुरुषांच्या घामात मिसळलेला तो वास मी नऊ वर्षांची असताना घेतला. आजही सोलकढीची वाटी ओठांशी नेली की मला आधी माणसे कोसळताना दिसतात.

पूर्णगडाच्या वरच्या अंगाला जांभ्याचे उघडे पठार आहे. आम्ही त्याला सडा म्हणतो. तिथे एका दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरण चालले होते. खोत आणि कुळे यांच्यातल्या जुन्या संघर्षाची ती तेरा भागांची गोष्ट. अकराव्या भागात कुळे खोताच्या माणसांवर चालून जातात. त्या मारामारीसाठी आसपासच्या वाड्यांतले पुरुष गोळा केले होते, आणि दिग्दर्शकाने त्यांची वाटणी एका नजरेत उरकली होती: मिशीवाले खोताच्या बाजूला, बिनमिशीचे कुळांच्या. काकांना भरघोस मिशी होती. बाबांना नव्हती. सख्खे भाऊ समोरासमोर उभे राहिले.

त्या दोघांमध्ये सहा महिने शब्द नव्हता, हे दिग्दर्शकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आमची दोन घरे एकमेकांना लागून. मध्ये गडगा, म्हणजे सुट्या दगडांची कमरेएवढी भिंत. काकांनी तो हातभर सरकवला आणि ऐन भरातले एक हापूसचे कलम आपल्या हद्दीत घेतले, असे बाबांचे म्हणणे होते.

सगळ्यांच्या हातांत पांगाऱ्याच्या काठ्या दिल्या होत्या. पांगाऱ्याचे लाकूड इतके हलके की पाठीत बसली तरी शेवग्याच्या शेंगेने मारल्यासारखी वाटावी. मुंबईहून आणलेली रक्ताची बाटली मात्र जीपमध्येच सांडली होती. मग आईने घरून आगळाच्या तीन बाटल्या पाठवल्या, आणि माणसांच्या कपाळांवर ते फासण्याचे काम माझ्याकडे आले. काका माझ्यापुढे उकिडवे बसले.

“लाव गो, हात आखडू नको,” ते म्हणाले. “मरायचंच आहे तर देखणा मरू दे.”

मी दोन बोटांनी त्यांच्या डाव्या भुवईपासून कानापर्यंत एक जाड रेघ ओढली. ते हसले. डावा डोळा बारीक करून हसायची त्यांची सवय होती.

मग कोणीतरी ओरडले आणि दोन्ही बाजू एकमेकांवर धावल्या. पहिल्या काही क्षणांत तो खेळ होता. काठ्या तुटत होत्या, माणसे दात विचकत होती, तांबडी धूळ गुडघ्यांपर्यंत चढली होती. पण खेळाचा सूर बदलला की तो कानाला कळतो. आरोळ्या आखूड झाल्या. कोणीतरी खरोखर शिवी दिली. दिग्दर्शक आनंदाने ओरडत होता, “चालू द्या! कॅमेरा थांबवू नका!” एक बाटली घरंगळत माझ्या पायाशी आली, ती उचलायला मी वाकले, आणि नेमका तेव्हा तो आवाज झाला. वाळका नारळ पायरीवर आपटावा तसा.

मान वर केली तेव्हा काका गुडघ्यांवर होते. सगळेच लाल होते, त्यामुळे कोणाला काही वाटले नाही. कॅमेऱ्यामागच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी जवळ गेले. त्यांच्या गालावरून जे वाहत होते त्याला आंबट वास नव्हता. ओल्या विळीच्या पात्याला येतो तसा वास होता. “हे आगळ नाही,” मी म्हणाले. कोणी ऐकले नाही. तेवढ्यात कपाळावरचे खरे आगळ, त्यातल्या मिठासकट, ओघळून जखमेत उतरले आणि काका किंचाळले. तसा आवाज मी त्याआधी फक्त डुकराचा ऐकला होता.

डावा डोळा गेला. दोन हंगामांनंतर आंबे उतरवायला ते त्याच कलमावर चढले. एका डोळ्याला फांदीचे अंतर नीट कळत नाही. पाय हवेत पडला, आणि आम्ही पोचेपर्यंत त्यांची मान भलत्याच दिशेला वळलेली होती.

कोणी मारले, या प्रश्नाला आमच्याकडे तीन उत्तरे होती. काका जिवंत असेतोवर म्हणत, “आगळ डोळ्यांत गेलं होतं, मला दिसलं नाही.” काकू म्हणत, “भावानं मारलं.” आणि बाबा, पोलिसांपासून देवळातल्या पंचांपर्यंत प्रत्येकाला, एकच वाक्य सांगत: “माझी काठी पांगाऱ्याची होती.”

तो भाग दाखवला गेला तेव्हा वाडीत एकच टीव्ही होता, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. अंगणात सगळी वाडी बसली होती. सडा दिसला, माणसे धावली, आणि बाबा उठून बॅटरीच्या तारा हिसडून मोकळे झाले. टीव्हीच्या मालकाने त्यांची गळपट्टी धरली. बाबांनी डोक्यानेच त्याच्या तोंडावर टोला दिला. सारवलेल्या अंगणात त्याचे पुढचे दोन दात पडले. आम्हां पोरांना ते भाताच्या लाह्यांसारखे दिसले होते. मुंबईच्या नातेवाइकांनी तो भाग पाहिला होता, पण त्यांना धुळीपलीकडे काही सांगता येईना.

पुढे ती मालिका कोणालाच दिसली नाही, आणि न दिसल्यामुळेच बहुधा तिचे भक्त वाढत गेले. रत्नागिरीत एका मास्तरांनी त्यांचे मंडळ काढले. मागणी एकच: ही मालिका घरी पाहता येईल अशा रूपात बाजारात आणा. वाहिनीकडे दरमहा पोस्टकार्डांचा गठ्ठा जाई. मास्तरांनी आधी कॅसेट मागितली, मग सीडी, मग डीव्हीडी. वाहिनी दिवाळीचा वायदा करी, दिवाळी उलटली की गुढीपाडव्याचा. बाबा गेले त्या वर्षी मी मंडळात दाखल झाले. शेवटच्या आजारपणातही त्यांनी माझे मनगट धरून तेच वाक्य म्हटले होते, मी काही विचारले नसताना.

मी कविता लिहिते हे मास्तरांना ठाऊक होते. “ताई, तुमच्या भाषेला धार आहे,” ते म्हणाले, “पत्रं आता तुम्हीच लिहा.” मी लिहू लागले. का लिहिते ते कोणाला सांगितले नाही. बैठकीत अकराव्या भागाचा विषय निघाला की मी हात मांडीखाली दाबून बसे.

एका सकाळी मी गडग्याजवळ फुले काढत होते. पलीकडून काकूंनी हाक मारली. जवळजवळ चाळीस वर्षांनी.

“काय गो, ती मालिका काढवतेस म्हणे?”

“प्रयत्न चाललाय, काकू.”

“लवकर काढव. काचबिंदू आहे मला. डॉक्टर म्हणतो, दिवाळीपर्यंत दिसलं तर दिसलं.” मग गडग्यावर दोन्ही हात टेकून त्या म्हणाल्या, “कोणी मारलं ते ठाऊक आहे मला. मला बघायचंय.”

त्यांच्या मागे, उघड्या दारातून, ओटीवरचा काकांचा फोटो दिसत होता. काळा चष्मा लावलेला. त्याआधीचा एकच फोटो आहे, लग्नातला, आणि त्यात त्यांनी मान खाली घातलेली आहे.

त्याच पावसाळ्यात देवरूखचा एक सभासद, टीव्ही दुरुस्त करणारा, मास्तरांकडे एक जुनी कॅसेट घेऊन आला. त्याच्या भावाने अकरावा भाग तेव्हा घरी उतरवून ठेवला होता. आमच्या हवेने त्या फितीवर पांढरी बुरशी चढवली होती.

“आठ दिवस तांदळात ठेवू, सुकू दे,” देवरूखकर म्हणाला.

“मी सत्तर ओलांडली आहे. आठ दिवस कसले सांगतोस?” मास्तर म्हणाले. “तो काठीचा घाव मला आज बघायचाय. काय डोकं फुटतं त्याचं! असा अभिनय पुन्हा झाला नाही.”

“काठी कुठली, मास्तर? कोयता होता.”

“काठी!”

“कोयता! तुमचा चष्मा तेव्हाही जाडच होता.”

मास्तरांनी रागाच्या भरात कॅसेट यंत्रात ढकलली. यंत्राने ती चावायला सुरुवात केली. तो आवाज मला अजून दातांत जाणवतो. देवरूखकराने मास्तरांच्या कानशिलात वाजवली. चष्मा भिंतीवर आदळून फुटला. मास्तर त्याच्या मनगटाला चावले. दोन म्हातारे खुर्च्यांसकट जमिनीवर आले, एकमेकांची नरडी धरून, आणि बाहेर ओघळलेली तपकिरी फीत त्यांच्या पायांभोवती गुंडाळत गेली. मी त्यांना सोडवले नाही. मी फितीवर पडले. यंत्राच्या तोंडात बोटे घालून ती ओढू लागले. पत्र्याने दोन बोटे कापली, तरी ओढत राहिले. शेवटी हातात एक चुरगळलेली, रक्ताने चिकट झालेली गुंडाळी आली.

ते दोघे थांबून माझ्याकडे बघत होते.

“ताई,” मास्तर धापा टाकत म्हणाले, “तुमचं एवढं काय आहे त्यात?”

“डोकं फुटतं ते माझ्या काकांचं आहे.”

मास्तरांनी फुटका चष्मा चाचपून उचलला, डोळ्यांना लावला नाही. “तो अभिनय नव्हता?”

“नाही.”

देवरूखकराने खिशातला रुमाल काढून माझ्या बोटांना बांधला. त्या आठवड्यात मी वाहिनीला जे पत्र लिहिले त्यात धार नव्हती. एका बाईची नजर जाते आहे आणि तुमच्याकडे तिच्या नवऱ्याचे शेवटचे धड रूप आहे, एवढेच लिहिले. त्या पत्राने काही झाले, की त्यांच्याकडे आधीच ठरले होते, मला माहीत नाही. पण नवरात्राच्या सुमारास मालिका खरोखर निघाली. डीव्हीडीच्या संचात, कोणाच्याच घरी यंत्र उरलेले नसताना. देवरूखकराने स्वतःचे यंत्र दुरुस्त करून माझ्या घरी आणून दिले.

मी तो भाग आधी एकटीने पाहू शकले असते. एक पूर्ण दुपार तबकडी टेबलावर होती आणि मी तिच्याभोवती फिरत होते. आधी पाहिले तर कदाचित काकूंकडे नेणार नाही, याची भीती वाटली. बाबांची मुलगी आहे मी. तारा कशा हिसडायच्या ते मी पाहिले होते.

संध्याकाळी यंत्र पोटाशी धरून गडगा ओलांडला. काकू टीव्हीपासून वीतभर अंतरावर बसल्या होत्या, मान थोडी तिरकी करून, जिथून उरलेली नजर काम करते त्या बाजूने.

सडा दिसला. मग काका आले. मुंडासे, मिशी, आणि दोन्ही डोळे. ते कोणाशी तरी काही बोलले, डावा डोळा बारीक करून हसले, कानामागे खाजवले. डाव्या भुवईवर माझ्या बोटांची लाल रेघ होती. मग धूळ, काठ्या, आरोळ्या. बाबा डावीकडून शिरले. त्यांनी काकांच्या खांद्यावर काठी मारली आणि ती मोडली, पांगाऱ्याचीच होती. हातात उरलेला तुकडा त्यांनी फेकून दिला. वाकले. उठले तेव्हा दोन्ही हातांत जांभा दगड होता. त्यांनी तो डोक्यावर नेला, आणि काका आगळ पुसायला डोळ्यांवर हात नेत असताना, खाली आणला.

मी चित्र तिथेच थांबवले. पडद्यावर बाबांचे तोंड उघडे होते. घरात कधी मला मारताना ते तसे दिसत.

“बाबांनी, काकू,” मी म्हणाले. “बाबांनीच.”

काकूंनी माझ्याकडे पाहिले नाही. शिवीची वाट पाहत मी मान खाली घातली. त्या पुढे सरकल्या, काचेला नाक लागेल इतक्या, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवले. काका हसत चालत आले होते ती जागा. आता तिथे नुसती धूळ होती. बोट तिथेच ठेवून त्या मला म्हणाल्या,

“परत.”