फाशातली डुकरीण

माझं माहेर पांढुर्ण्याचं, रेल्वे लाइनच्या पलीकडचं. रानातलं जनावर म्हणून लहानपणी मी काय पाहिलं असेल तर संत्र्याच्या मंडीत पेट्यांवर बसलेली माकडं. लग्न होऊन सौसर तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी मी शेतातल्या घराच्या ओट्यावर दात घासत उभी होते. समोरच्या संत्र्याच्या नव्या बागेत घोड्याएवढा, निळसर करड्या रंगाचा एक प्राणी एका रोपाला शिंगं घासत होता. मी तोंडातला फेस तसाच ठेवून म्हणाले, "बाप्पा, किती सुंदर!"

मागून माझे सासरे आले. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. ते म्हणाले, "सुंदर तर आहेच, सूनबाई. आता हाकल त्याले. ते कलम मी खांद्यावर आणून लावलं आहे."

मी थुंकले आणि ओरडत धावले. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, मान वळवली आणि सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखा धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडून गेला. रोपाची साल एका बाजूने पूर्ण निघाली होती. मामाजींनी त्यावर शेणमाती लिंपली, वरून गोणपाट बांधलं आणि शिवी न देता दुसऱ्या कामाला लागले.

त्या प्राण्याबद्दल लोक काय काय बोलतात ते मला पुढे हळूहळू कळत गेलं. गावात सगळे त्याला रोही म्हणतात आणि रोही म्हटलं की दात-ओठ खातात. तोच प्राणी सरकारी कागदावर नीलगाय होतो, आणि नावात गाय आली की तेच लोक कान पकडतात. ज्याचा हरभरा खाल्ला गेला तो म्हणतो, मारून टाका. ज्याचं शेत नाही तो म्हणतो, मुक्या जनावराला कशाला मारता. रानडुकराची दया मात्र कोणालाच येत नाही. त्याच्या नावात काही नाही, रूपातही काही नाही.

मामाजींकडे लायसन्सची बारा बोअरची बंदूक होती. माझ्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी रोह्यांनी कापसाची कोवळी बोंडं आणि हरभरा इतका खाल्ला की गावाने अर्ज केला आणि रोही मारायची मुदतीची परवानगी आली. बंदूकवाले मामाजी एकटेच. पहिले चार दिवस ते पहाटे जात आणि ऊन चढलं की तसेच परत येत. लोक चिडले. "काकाजी, आज तर दहा होते समोर!" ते म्हणत, "होते. पण एकमेकांच्या आड होते. एकाले मारायले जाऊन दुसऱ्याचा पाय मोडला तर तो कुठं जाऊन मरन?"

पाचव्या दिवशी एक नर एकटा सापडला. एक आवाज झाला. मी पोचले तेव्हा मामाजी त्याच्या मानेवर हात ठेवून बसले होते. दोघा-तिघांना त्याच्या शिंगांना धरून फोटो काढायचा होता. मामाजी उठले आणि म्हणाले, "फोटो नाही. जनावर हारलं नाही अन् मी जिंकलो नाही." वनखात्याची माणसं येऊन पंचनामा करेपर्यंत त्यांनी कोणालाही जवळ येऊ दिलं नाही.

त्या दिवशी ते नेहमीसारखे जेवले. मला राहवलं नाही. भाकरी वाढता वाढता मी विचारलं, "मामाजी, वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. अन् मी चूक केली नाही असंही वाटून राहिलं. दोन्ही वाटू शकते माणसाले."

त्यानंतर काही वर्षांनी जे घडलं ते सांगायला मला अजूनही जड जातं, कारण त्यात माझा हात आहे.

दसरा झाला होता. मका काढणीला आला होता आणि रानडुकरं रोज येऊन उभा मका आडवा करत होती. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, सकाळी शेतात जायचे आणि चेहरा पाडून यायचे. एक दिवस मला म्हणाले, "तुझ्या जुन्या स्कूटीची ब्रेकची तार कुठं आहे?" मी विचारलं, कशाला. ते म्हणाले, "फासा लावतो. नाल्याकडच्या कुंपणात वाट पडली आहे त्याइची. बाबाले सांगू नको." मी कोपऱ्यातल्या डब्यातून तार काढून दिली. कशासाठी ते मला माहीत होतं. मका आमचाही होता, आणि डुकराचं काय एवढं, असं मलाही वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी शनिवार होता. आमच्याकडे कापूस वेचायला बुद्धविहाराजवळच्या मोहल्ल्यातून बाया यायच्या. त्यांच्यातल्या सगळ्यांत वडील बाईंना मी मावशी म्हणायचे. बोलायच्या कमी, पण त्यांच्या शब्दाबाहेर बाकीच्या बाया जायच्या नाहीत. त्या सकाळीच ओट्यापाशी आल्या.

"सूनबाई, तुमच्या धुऱ्यावर डुकरीन अडकली आहे. तारेत. पिलं आहेत संग."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मामाजी चहा पीत होते. कप खाली ठेवून ते उठले.

तार डुकरिणीच्या मागच्या पायात रुतली होती. तिने रात्रभर ओढाताण केली असावी. भोवतालची माती उकरून खड्डा झाला होता आणि पाय हाडापर्यंत कापला होता. नाल्याच्या झुडपांत चट्ट्यापट्ट्यांची पिलं चिरकत होती. त्यांचा आवाज ऐकून डुकरीण उसळी मारायची आणि तार तिला खाली पाडायची. मामाजींनी ती तार पाहिली. तिच्या टोकाला स्कूटीचा निळा प्लास्टिकचा तुकडा तसाच होता. मग खिशातून मोबाइल काढून नाकेदाराला, म्हणजे बीटच्या वनरक्षकाला, फोन लावला.

जिल्ह्याचं ठिकाण तेव्हा लांब होतं आणि जनावराला बेशुद्ध करणारं पथक तिथूनच यायचं होतं. नाकेदार म्हणाला, चार-पाच तास लागतील, तोपर्यंत कोणाला हात लावू देऊ नका.

शनिवार असल्यामुळे जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जाणारे लोक रस्त्यावर होतेच. कोणीतरी थांबलं, मग दुसरं थांबलं, आणि तासाभरात आमच्या धुऱ्यावर जत्रा भरली. मोबाइल वर झाले. एकाने ढेकूळ मारलं. डुकरीण उसळली तसे लोक हसले. एक बाई हात जोडून म्हणाली, वराह अवतार आहे हो, आणि तिने लांबूनच चिमूटभर कुंकू फेकलं. तिच्याच बरोबरचा माणूस म्हणाला, कुऱ्हाड आणा, संपवून टाका.

मामाजी लोकांच्या आणि डुकरिणीच्या मधे जाऊन उभे राहिले. सत्तरीला टेकलेला माणूस, हातात काठीसुद्धा नाही.

"ढेकूळ कोणी मारलं?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. "ज्यानं मारलं त्यानं समोर यावं अन् मले मारावं. मी बांधलेला नाही."

कोणी पुढे आलं नाही. मग आमचा शेजारी शेतकरी गर्दीतून पुढे आला. त्याचं रडकुंडीला आलेलं तोंड मला आठवतं. "काकाजी, माझा अर्धा मका हिनं अन् हिच्या जातीनं खाल्ला. लेकरांइच्या तोंडचा घास आहे तो. अन् तुम्ही हिची राखण करून राहिले?"

"तुझा खाल्ला, माझाही खाल्ला," मामाजी म्हणाले. "आपण मिळून अर्ज करू. परवानगी आली तर मी सोता येतो तुझ्या शेतात बंदूक घेऊन. पण मोकळं असन तेव्हा मारू. बांधून ठेवून गोटे मारल्यानं तुझा मका परत येते का, सांग?"

शेजारी तिथेच थांबला. गर्दी वाढतच होती. डुकरीण आता धापा टाकत होती, तोंडाला फेस आला होता. तेवढ्यात मावशी आल्या. त्यांच्या मागे चार बाया होत्या आणि सगळ्यांच्या हातात कापसाचे गठ्ठे बांधायची मोठाली फडकी होती. मावशींनी कोणाला विचारलं नाही. बोरीच्या झुडपांवरून, कुंपणाच्या खांबांवरून त्यांनी ती फडकी एकाला एक गाठी मारून लावली. थोड्या वेळात डुकरिणीभोवती पडदा तयार झाला.

"तिले माणसं दिसतात म्हणून ते ओढून राहिली," मावशी म्हणाल्या. "अन् माणसाइले ते दिसते म्हणून हे हटून नाही राहिले. दोघाइचं बंद केलं."

आणि खरंच, आतली धडपड कमी झाली. बाहेर पाहायला काही उरलं नाही तसे लोक पांगले. मावशींची त्या दिवसाची वेचणी बुडाली. त्या पडद्यापाशीच उकिडव्या बसून राहिल्या. मामाजींनी त्यांना आधी पाणी दिलं, मग स्वतः प्यायले. मला त्या दोघांकडे पाहवत नव्हतं. ती तार मी दिली होती.

पथक दुपारनंतर आलं. डॉक्टरांनी दुरून सुई मारली, डुकरीण लुळी पडल्यावर तार कापली, जखम धुऊन औषध भरलं. "पाय वाचेल की नाही सांगता येत नाही, पण जगेल," ते म्हणाले. आम्ही सगळे दूर जाऊन उभे राहिलो. बऱ्याच वेळाने ती उठली, पडली, पुन्हा उठली आणि तीन पायांवर नाल्यात उतरली. झुडपं हलली. पिलांचा आवाज आधी वाढला, मग बंद झाला.

नाकेदाराने कागद काढला. "फासा कोणाचा?"

फासे गावात कितीतरी जणांनी लावले होते, आणि ते नाकेदारालाही माहीत होतं. माहीत नाही म्हटलं असतं तर तो तसंच लिहून गेला असता.

मामाजी म्हणाले, "शेत माझं आहे. माझं नाव लिहा."

नवरा पुढे आला. "बाबाचं नका लिहू. फासा मी लावला."

"तार मी दिली," मी म्हटलं. माझ्या तोंडून कसं निघालं मला कळलंही नाही. नाकेदाराने आम्हा तिघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "एकाच घरात इतके कबूल होणारे मी नाही पाहिले." त्याने नवऱ्याचं नाव लिहिलं.

संध्याकाळी मामाजींनी मुलाला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "फासा लावला तवा तुले पिलं माहीत नव्हती. पण फासा विचारत नाही ना रे, कोण आलं म्हणून. बंदुकीच्या मागं माणूस असते. फाशाच्या मागं कोणीच नसते." मग म्हणाले, "कबूल झाला, बरं केलं."

केस झाली. सौसरच्या कोर्टात बरीच वर्षं तारखा पडत राहिल्या, आणि प्रत्येक तारखेला मामाजी मुलाबरोबर गेले. आत त्यांचं काही काम नसायचं. ते बाहेर बाकावर बसून राहायचे. गावात काही दिवस त्यांना डुकराचा वकील म्हणत. एकदा चहाच्या टपरीवर त्यांच्या तोंडावरच कोणीतरी म्हटलं. ते म्हणाले, "हो, पण माझी केस कमजोर आहे. आमची पार्टी मका खाते." सगळे हसले, आणि ते नाव हळूहळू मागे पडलं.

नवऱ्याने त्या हिवाळ्यात सगळा नाला चालून फासे काढले. पहिल्या दिवशी एकटे गेले. दुसऱ्या दिवशी गावातले दोघं त्यांच्याबरोबर गेले. एका सकाळी आमचा तो शेजारी आला आणि ओट्यावर तारांचं भेंडोळं टाकून म्हणाला, "माझ्याकडचे एवढेच होते." मामाजींनी त्याला बसवलं, चहा दिला, आणि तारांबद्दल एक शब्दही विचारला नाही. पुढच्या पेरणीआधी आमच्या आणि त्याच्या शेताला मिळून बॅटरीवर चालणारं झटका मशीन बसवलं. त्याने जनावर दचकतं, मरत नाही. डुकरं तरीही येतात. पाऊस-वाऱ्यात तार पडली की त्यांना आमच्या आधी कळतं. नुकसान संपलं असं मी म्हणणार नाही.

आता मामाजींची नजर अधू झाली आहे. त्यांनी बंदूक स्वतः ठाण्यात नेऊन जमा केली. गेल्या वर्षी रोह्यांचा त्रास फार झाला, पुन्हा परवानगी मागायची ठरली आणि अर्ज लिहायला गावाने मला बसवलं. गोळी चालवणारा दुसऱ्या गावचा येणार होता. मामाजी खाटेवर पडून सांगत गेले आणि आमच्याकडे सरकारी कामकाज हिंदीत चालतं म्हणून मी हिंदीत लिहीत गेले. नुकसान लिहून झाल्यावर म्हणाले, "आता खाली गावाच्या अटी लिही. पिलं असलेल्या मादीवर गोळी नाही. नेम पक्का नसन तर गोळी नाही. जखमी होऊन पळालं तर शोधल्याबिगर घरी यायचं नाही. फोटो नाही."

गावातल्या सगळ्यांनी त्याखाली सह्या केल्या. शेजाऱ्याने केली, मावशींनीही केली. त्यांचं नाल्याकाठी थोडं शेत आहे आणि त्यांचाही हरभरा गेला होता.

ऑफिसातल्या बाबूने अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "मॅडम, ये शर्तें आवेदन में कौन लिखता है? इसकी जरूरत नहीं है."

"हमारे गाँव में लिखते हैं," मी म्हटलं. "रहने दीजिए."

त्याने पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचलं, बाजूच्या टेबलावरच्या माणसालाही वाचायला दिलं, आणि मग शिक्का मारून पोच दिली.