कोल्ड रूममधली मावशी

नऊ मार्च. विद्यापीठाच्या कोल्ड रूममधला मोठा फ्रीझर बंद पडला. दुरुस्तीचं अठरा हजार चारशे साठ रुपयांचं बिल यथावकाश मंजूर झालं. बिलावर एकच ओळ होती, 'कॉम्प्रेसर बदलला'. ती खरीच आहे. पण त्या दिवशी काय काय वाचलं आणि कोणाच्या पदरचं काय गेलं, हे कुठल्याच बिलात बसणारं नव्हतं.

कोल्ड रूम म्हणजे विज्ञान इमारतीच्या तळमजल्यावरची एक बिनखिडकीची लांबट खोली. तीत एक मोठा फ्रीझर, एक छोटा, भिंतीला लागून संगमरवरी टेबल, आणि दारापाशी मावशीची खुर्ची. मावशी मूळची याच इमारतीत झाडलोट करणारी. आधीचा माणूस संधिवाताने टेकीला आला आणि थंडीत बसायला दुसरं कोणी तयार होईना, तेव्हा ती म्हणाली, "मी बसते. घरी शिलाई मशीनची खडखड ऐकण्यापेक्षा हे बरं." नवरा शिंपी होता. त्याने तिला जाड अस्तराचा एक डगला शिवून दिला. ऐन उन्हाळ्यात तो हातावर टाकून ती कामाला निघाली की नवरा म्हणायचा, "निघाल्या बाईसाहेब हिमालयात."

शाळा आठवीपर्यंतच झालेली. पण फ्रीझरमधला खण देताना तिचा एक नियम होता. अर्ज, सही, विभागाचा शिक्का हे सगळं ठीक. पण आणलेली वस्तू काय आहे आणि ती कशासाठी ठेवायची आहे, हे माणसाने समोर उभं राहून साध्या भाषेत सांगायचं. तिला समजलं की खण मिळायचा. नाही समजलं तर, "बाहेर बाकडं आहे. बसा, विचार करा, पुन्हा या." भलेभले प्राध्यापक त्या बाकड्यावर बसून गेले होते. सुरुवातीला तक्रारी झाल्या. नंतर लोक म्हणू लागले की मावशीला सांगता आलं तर परीक्षकालाही सांगता येतं.

त्यामुळे झालं असं, की त्या इमारतीत कोण कशाच्या मागे लागलंय हे एकट्या मावशीला ठाऊक. शेवाळ, पक्ष्यांची पिसं, गरोदर बायांच्या लघवीच्या बाटल्या, मुंग्यांची अंडी, सगळं शेजारी शेजारी. माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. ज्याचा जो माल, तेच त्याचं नाव.

त्या मार्चमध्ये मोठ्या फ्रीझरमध्ये तिघांचा माल होता.

पहिल्या रक्तवाल्या मॅडम. त्या वैद्यकीय विभागातल्या डॉक्टर. लहान मुलांना टोचलेल्या लसीचा असर अंगात किती वर्षं टिकतो, हे त्या पाहत होत्या. तीच मुलं, दरवर्षी थोडं रक्त. दुसरे मातीवाले सर, निवृत्तीला आलेले, पँटच्या मांडीवर कायम मातीचा हात पुसलेला. झाडांच्या मुळांशी कोणते बारीक जीव नांदतात हा त्यांचा विषय. "म्हणजे झाडाचे शेजारी कोण, ते," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि लगेच खण मिळवला.

तिसरे प्रार्थनावाले सर. धर्माभ्यास विभागातला माणूस फ्रीझर मागायला आला, तेव्हा मावशीलाही नवल वाटलं.

"तुमचा देव थंडीत ठेवायचाय?"

"देव नाही मावशी. देवाला केलेले अर्ज."

डोंगरातल्या एका छोट्या प्रार्थनाघरात हाताने लिहिलेल्या प्रार्थनांचे जुने गठ्ठे होते. घरात कोणी आजारी पडलं की त्याच्यासाठी केलेली प्रार्थना त्यात लिहून ठेवायची. कोणत्या आजारात माणसं काय मागत होती, कोणत्या शब्दांत मागत होती, हे सरांना अभ्यासायचं होतं. प्रार्थनाघर सांभाळणाऱ्या आजींनी ते गठ्ठे केवळ विश्वासावर दिले. पण कागदाला कीड लागली होती. ती मारायला औषध नको, म्हणून गठ्ठे प्लास्टिकच्या पाकिटांत हवाबंद करून गोठवायचे होते.

"मग, मागितलेलं मिळालं का लोकांना?" मावशीने विचारलं.

"ते माझ्या विषयात येत नाही," सर म्हणाले.

मावशी हसली आणि तिने त्यांना मधला खण दिला. जाताना सर एक गोष्ट बजावून गेले. पाकिटं बाहेर काढली तरी दिवसभर उघडायची नाहीत. पाकीट बंद असतानाच कागदाला खोलीची ऊब येऊ द्यायची. मावशीने मान हलवली.

नऊ मार्चला सकाळी तिने कुलूप उघडलं, आणि आत पाऊल टाकताच तिला शांतता ऐकू आली. फ्रीझरची घरघर बंद. दाराखाली पाण्याचं थारोळं. आत हात घातला तर थंडावा अजून होता, पण दाराजवळचा बर्फ सुटू लागला होता. तिने तिघांना फोन केले. मग रक्ताचे डबे छोट्या फ्रीझरमध्ये हलवायला घेतले. निम्मे मावले. प्रार्थनांची पाकिटं तेवढी गळत्या पाण्यापासून वाचवायला उचलून टेबलावर ठेवली, आणि उरलेले डबे व तळाच्या खणातली मातीवाल्यांची जुनी, अजून घट्ट गोठलेली माती आत ठेवून दार घट्ट लावलं.

इथे तिचा घात झाला. टेबलावर ठेवता ठेवता पाकिटांना दरदरून घाम फुटला. पाणी ओघळायला लागलं. आत दुसऱ्याची ठेव आणि बाहेर हे पाणी. सरांनी बजावलेलं तिला आठवत नव्हतं असं नाही. पण ते बोलणं होतं चांगल्या दिवसाचं. हा दिवस वेगळा, असं तिला वाटलं. माणूस घामेजला की आपण आधी त्याची बटणं सोडतो. तिने कात्री घेतली, पाकिटं फोडली आणि गठ्ठे पंख्याखाली पसरले.

आणि तिच्या डोळ्यांदेखत कागदांवर दव धरलं. थंडगार कागद, बाहेरची दमट हवा. पानं मऊ पडली, एकमेकांना चिकटली. एका कडेची शाई निळसर होऊन पसरायला लागली.

प्रार्थनावाले सर आले, त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि ते मावशीच्या खुर्चीत बसले.

"मी फोडली," मावशी म्हणाली. "कोणी सांगितलं नव्हतं. मीच."

तोवर रक्तवाल्या मॅडम पोचल्या, आणि पाठोपाठ थर्माकोलची मोठी पेटी छातीशी कवटाळून मातीवाले सर. वाटेत त्यांनी पदरचे पैसे मोडून ड्राय आइस, म्हणजे पाणी न होणारा कोरडा बर्फ, घेतला होता. पेटीत खाली ड्राय आइस, वर शेतावरून आदल्या दिवशी आणलेल्या मातीच्या पुड्या.

"उन्हात घालू या?" प्रार्थनावाले सर म्हणाले.

"ओली वस्तू ऊब देऊन वाळवली की तिची वीट होते," मातीवाले म्हणाले. "मी भट्टीत माती वाळवून पाहिलीय. हे तर कागद. सगळ्या गठ्ठ्याची एक फळी होईल."

"मग?"

मॅडमनी एका पानाची कड बोटाने चाचपली. त्या म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता परत गोठवायचं. आणि मग माझ्या यंत्रात." त्यांच्या विभागात एक यंत्र होतं. गोठलेल्या वस्तूतला बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन निघून जाई. म्हणजे कागद पुन्हा ओला न होताच कोरडा झाला असता.

"कागद घातलाय कधी त्यात?"

"मी रक्तच घालते. पण पाणी ते पाणी."

मावशीच्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. ते यंत्र मिळायला किती वाट पाहावी लागते, हे तिला ठाऊक होतं. मॅडमनी खण घेताना सांगितलं होतं. "मॅडम, आजपासून तर तुमचा नंबर आहे ना त्यावर?"

"आहे."

"मग तुमच्या मुलांचं रक्त?"

मॅडमनी छोट्या फ्रीझरकडे पाहिलं, मग बंद पडलेल्या मोठ्याकडे. तेव्हा मातीवाले सर खाली बसले, पेटीचं झाकण उघडलं आणि मातीच्या पुड्या एकेक करून जमिनीवर मांडायला लागले.

"अहो, हे काय करताय?" मावशी म्हणाली.

"रक्त इथे ठेवा. माती काय, उद्या पुन्हा खणून आणू. मातीला कुठे तोटा आहे?"

प्रार्थनावाले सर मात्र उठेनात. "ही माझी नाहीत," ते म्हणाले. "यंत्रात घालायची तर आजींना विचारायला हवं. आणि मी काय तोंडाने विचारू?"

"लावा फोन," मावशी म्हणाली. "तोंड माझं."

आजींचा आवाज खणखणीत होता. मावशीने आडपडदा न ठेवता सांगितलं. पाकिटं मी फोडली, पानं भिजली, चूक माझी.

"कशाला फोडलीस?"

"घामेजली होती."

मग आजी म्हणाल्या, "आमचं छप्पर गळलं होतं तेव्हा माझ्या सासूने ही पानं तव्यावर शेकली होती. चार करपली. तू तवा काढलास का?"

"नाही."

"मग माझ्या सासूपेक्षा बरी आहेस. आता काय करणार?"

मावशीने यंत्राबद्दल सांगितलं, तिला समजलं होतं तसं. आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "घाला," त्या म्हणाल्या. "एवढं कर. शेवटच्या गठ्ठ्यात शेवटचं पान माझ्या सासऱ्यांच्या हातचं आहे. धाकट्या दिराच्या तापासाठी लिहिलेलं. तेवढं जप."

"दीर बरे झाले ना?"

"कुठचा. गेला तो. पण त्यांनी मागितलं होतं ना, बाई."

मावशीने फोन ठेवला आणि डोळे डगल्याच्या बाहीला पुसले. मग कामाला हात लावला. शेवटचा गठ्ठा तिने शोधला. शाई पसरत होती ती त्याचीच कड होती. मॅडमनी हातमोजे चढवले, पानं सोडवायची नाहीत म्हणाल्या, आहेत तशी नव्या पाकिटांत घातली. मातीवाल्यांनी पेटीच्या एका कोपऱ्यात ड्राय आइस रचून पाकिटांपुरती जागा केली. बाकी जागेत रक्ताचे डबे. त्या एका पेटीत मुलांचं रक्त आणि मेलेल्या माणसांसाठी केलेल्या प्रार्थना शेजारी शेजारी बसल्या. प्रार्थनावाले सर ओठांत काहीतरी पुटपुटत होते. मातीवाल्यांनी विचारलं, "अर्ज करताय?" ते म्हणाले, "हे मात्र माझ्या विषयात येतं." तेव्हा कुठे सगळे हसले.

पुढचे दिवस मावशीला अन्न गोड लागलं नाही. नवरा म्हणाला, "कापड चुकीचं कापलं तर मी ठिगळ लावतो. तुझं ठिगळ यंत्रात आहे. धीर धर." ती रोज दुपारी डबा घेऊन मॅडमच्या विभागात जायची, यंत्राच्या काचेतून पाहायची आणि परत यायची. मॅडमनी एकदाही 'येऊ नका' म्हटलं नाही. उलट तिच्यासाठी तिथे एक स्टूल आणून ठेवलं.

गठ्ठे निघाले ते वाळल्या पानासारखे हलके. प्रार्थनावाल्या सरांनी हळुवार हाताने एकेक पान सुटं केलं. शेवटचं पान उलगडताना मावशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"मावशी, या. वाचता येतंय."

दोन शब्दांची शाई पसरली होती. त्यातला एक 'ताप' होता. बाकी सगळं जागच्या जागी. सरांनी आजींना कळवलं, आणि आजींनी एवढंच विचारलं, "कीड मेली का?"

"मेली."

"मग झालं. सावकाश वाचा आणि आणून द्या."

मॅडमचं रक्त टिकलं, आणि फ्रीझर वेळेत दुरुस्त झाल्याने तळाच्या खणातली जुनी मातीही. त्यांचा नंबर पुन्हा लागेपर्यंत पावसाळा उजाडला. जमिनीवर मांडलेल्या मातीचं मात्र मावशीला फार उशिरा कळलं. मातीवाले सर रजेवर असताना त्यांच्या विभागाचा शिपाई सहज बोलून गेला, की ती पुड्यांतली माती ज्या शेतातली होती तिथली झाडं त्याच आठवड्यात तोडली आणि वर रस्ता झाला. उद्या पुन्हा खणून आणायला तिथे काही उरणार नाही, हे सरांना ती माती जमिनीवर मांडतानाच माहीत होतं.

सर रजेवरून आले तेव्हा मावशी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सर, तुम्ही खोटं बोललात."

"कशाबद्दल?"

"मातीला तोटा नाही म्हणालात."

"नाहीच आहे," ते म्हणाले. "ती एक गेली. तुम्ही इतकी वर्षं माझी बाकीची सांभाळलीत, ती आहे ना?"

चूक तिची, आणि भरपाई केली तिघांनी; कोणी एका शब्दाने तिला ते जाणवू दिलं नाही. तिच्या फ्रीझरमध्ये खण मिळावा म्हणून ज्यांनी आपलं काम साध्या भाषेत सांगितलं होतं, तीच माणसं त्या दिवशी एकमेकांचं काम न विचारता समजून चुकली होती. ती घरी नवऱ्याला म्हणाली, "मला वाटायचं मी त्यांचं सांभाळते." नवऱ्याने सुईत दोरा ओवता ओवता मान वर केली. त्याला जे म्हणायचं होतं ते त्याने डगल्याला नवं अस्तर लावून म्हटलं.

राहता राहिला ड्राय आइस. सरांनी त्या घाईत पावती घेतली नव्हती, म्हणून हिशेब विभागाने ती रक्कम नाकारली. मावशी म्हणाली, ती माझ्याकडे लागली. ती पैसे घेऊन तीनदा गेली. पहिल्यांदा सर म्हणाले, सुटे नाहीत, दुसऱ्यांदा, वर्गाला उशीर होतोय, तिसऱ्यांदा म्हणाले, "माझा खिसा फाटका आहे हो, पडतील." दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याकडून सुई-दोरा आणला. सरांनी सुई-दोरा तेवढा ठेवून घेतला.

त्या वर्षी ते निवृत्त झाले. मावशी अजून त्यांचे ड्राय आइसचे तीनशे चाळीस रुपये देणे लागते.